फायर एम्बलेम: गमावलेल्या शिपायासाठी प्रकरण पुन्हा सुरू करावे का?

पहिलीचाल यांचा प्रश्न

नमस्कार. गेम बॉय ॲडव्हान्स एसपीवर मी सध्या २००३ सालचा ‘फायर एम्बलेम’ खेळत आहे. जपानमध्ये तो ‘रेक्का नो केन’ या नावाने निघाला आणि या मालिकेतला जपानबाहेर पोहोचलेला तो पहिला गेम, एवढे मला ठाऊक आहे. पाळीपाळीने खेळायच्या युद्धनीतीच्या जपानी गेमशी मात्र माझी ही पहिलीच ओळख आहे. लिन या नायिकेची सुरुवातीची कथा मी फार आनंदाने पूर्ण केली. ती कथा हाताला धरून शिकवते, त्यामुळे चुका अंगाशी आल्या नाहीत. एलिवूड या नायकाची पुढची कथा सुरू झाली आणि मी अडकलो. गेम अवघड आहे म्हणून अडकलो असे नाही; पटावरचे माणूस मेले की ते कायमचे जाते, आणि तेच मला सहन होत नाही.

परवाचा प्रसंग सांगतो. रेबेका ही धनुर्धर मुलगी मी पटावरच्या जंगलाच्या घरात, म्हणजे चौकोनात, उभी केली होती. ती आधीच थोडी जखमी होती. दोन घरांवरून तिने एका कुऱ्हाडवाल्यावर बाण सोडला, तो लागलाही, पण कुऱ्हाडवाला उभाच राहिला. मग शत्रूची पाळी आली. तो आणि त्याच्या मागचा आणखी एक, असे दोघेही तिच्या शेजारी येऊन भिडले. शेजारच्या घरावर बाण मारता येत नाही, त्यामुळे तिला उलट वार करणे शक्यच नव्हते. पहिल्याचा वार हुकला. दुसऱ्याच्या वाराची शक्यता स्क्रीनवर ३८ टक्के दिसत होती, आणि तो बसला. रेबेका निरोपाचे थोडेसे बोलली आणि पटावरून नाहीशी झाली.

मी कन्सोल बंद केला आणि प्रकरण पहिल्यापासून सुरू केले. दुसऱ्या वेळी रेबेका वाचली, पण घोडेस्वार लोवेन गेला. तिसऱ्या वेळी दोघेही वाचले आणि अगदी शेवटी आपला कुऱ्हाडवाला डॉर्कस पडला. एकाच प्रकरणावर आठवडा गेला आहे. आता कन्सोल हातात घेतला की खेळण्याची ओढ वाटण्याऐवजी धास्तीच वाटते. पुढची कथा वाचायची मनापासून इच्छा आहे. चित्रे, संगीत आणि पात्रांचे स्वभाव मला अतिशय आवडले आहेत.

म्हणून जाणकारांना विचारतो. प्रत्येक मृत्यूनंतर प्रकरण पुन्हा सुरू करणे ही सर्वांचीच रीत आहे का? ३८ टक्क्यांचा वार बसला यात माझी चूक किती आणि नशिबाचा भाग किती? आणि या खेळाचा खरा आनंद तुम्ही नेमका कुठे घेता?

मंदगती यांचे उत्तर

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर आकड्यांत देता येते आणि एकदा ते समजले की धास्ती बरीच कमी होते.

गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या फायर एम्बलेममध्ये स्क्रीनवर दिसणारी वाराची शक्यता ही खरी शक्यता नसते. गेम प्रत्येक वारासाठी ० ते ९९ मधल्या दोन यादृच्छिक संख्या घेतो, त्यांची सरासरी काढतो आणि ती सरासरी दिसणाऱ्या आकड्याहून कमी असेल तरच वार बसतो. दोन संख्यांची सरासरी मध्याकडे झुकते, त्यामुळे ५० च्या वरचे आकडे प्रत्यक्षात आणखी वाढतात आणि खालचे आणखी घटतात. ९० दिसणारा वार ९८.१ टक्के वेळा बसतो, ८० दिसणारा ९२.२ टक्के वेळा, तर २० दिसणारा अवघा ८.२ टक्के वेळा. तुम्हाला दिसलेले ३८ म्हणजे खरे तर साधारण २९ होते. थोडक्यात, हा गेम चांगली जागा निवडणाऱ्याला आतून साथ देतो.

तरीही रेबेका गेली, आणि त्याचेही कारण याच हिशेबात आहे. जंगलाच्या घरात वार चुकवण्याच्या क्षमतेत २० ची भर पडते, म्हणून तुम्ही निवडलेली जागा योग्यच होती. पण तिच्यापर्यंत एक नाही, दोन शत्रू पोहोचू शकत होते. दोघांचाही आकडा ३८ धरला, तर त्यांपैकी एकाचा तरी वार बसण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होते. जखमी धनुर्धराच्या बाबतीत निम्मी शक्यता पत्करायची नसते. तेव्हा नशीब शेवटच्या क्षणी आले. निर्णय त्याआधीच्या तुमच्या पाळीत झाला होता.

यावर उपाय असा की आपले एकही माणूस हलवण्यापूर्वी समोरच्या प्रत्येक शत्रूवर कर्सर नेऊन बटण दाबावे आणि तो कुठपर्यंत पोहोचतो ते पाहावे. पायदळातला कुऱ्हाडवाला पाच घरे चालतो आणि सहाव्या घरावर वार करतो. घोडेस्वार सात घरे चालतो. चिलखती शिपाई चारच. मालिकेच्या नंतरच्या काही गेममध्ये सगळ्या शत्रूंचा एकत्रित पल्ला एका बटणावर दिसतो, या गेममध्ये मात्र एकेकाचा पाहून मनात जोडावा लागतो. सुरुवातीला हे काम कंटाळवाणे वाटते. चार-पाच प्रकरणांनंतर पटावर जणू एक अदृश्य रेघ दिसू लागते: या घरापर्यंत आपण सुरक्षित, त्या घरावर गेलो तर दोघांच्या पल्ल्यात. माझ्या दृष्टीने खेळाचा अर्धा आनंद ही रेघ दिसू लागण्यात आहे.

ती दिसू लागली की आमिषाची चाल खेळता येते. एखादा भक्कम माणूस, म्हणजे मार्कस किंवा चिलखती ऑस्विन, त्या रेघेच्या एक घर आत अशा जागी ठेवावा की शत्रूंपैकी एक-दोघेच त्याच्यापर्यंत पोहोचतील. ते येतात, वार करतात, उलट वार खातात आणि आपल्या पाळीला थेट आपल्या सगळ्या फौजेसमोर उभे असतात. मग रेबेकेने बाण सोडावा, डॉर्कसने कुऱ्हाड चालवावी, आणि पाळी संपताना त्या भागात जिवंत शत्रू उरूच नये. धनुर्धराने हल्ला केल्यानंतर शत्रू जिवंत राहणार असेल, तर तो हल्ला त्या पाळीत करू नये किंवा तिच्या पुढचे घर दुसऱ्या कोणी अडवावे. या पटावर तिरके चालता येत नाही, त्यामुळे एका घराची वाट एकच माणूस पुरती बंद करू शकतो आणि त्याच्या पाठीमागून धनुर्धर निर्धास्तपणे दोन घरांवर मारा करतो.

शस्त्रांचे चक्र तुम्ही लिनच्या कथेत शिकलाच असाल: तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला भारी, भाला तलवारीला भारी. या गेममध्ये त्याचा फायदा वाराच्या शक्यतेत १५ आणि इजेत १ एवढा असतो. इजेतला १ किरकोळ आहे. पण १५ चा फरक दोन्ही बाजूंनी लागू होतो, म्हणजे आपल्याला १५ अधिक आणि समोरच्याला १५ उणे. आता हे वरच्या सरासरीच्या हिशेबात घालून पाहा, म्हणजे कुऱ्हाडवाल्यांसमोर तलवारबाज ठेवण्याचे मोल कळेल. त्याहूनही मोठी गोष्ट वेगाची आहे. दोघांच्या वेगात ४ किंवा अधिक फरक असेल तर वेगवान माणूस एकाच लढतीत दोनदा वार करतो, आणि माणसाच्या अंगकाठीला न पेलणारे जड शस्त्र हातात असेल तर त्याचा वेग तेवढ्याने घटतो. म्हणून पोलादी शस्त्र मिळाले की ते लगेच प्रत्येकाच्या हाती देऊ नये. साध्या लोखंडी तलवारीचे दोन वार पोलादी तलवारीच्या एका वारापेक्षा बहुधा अधिक कामाचे ठरतात, शिवाय लोखंडी तलवार ४६ वार टिकते आणि पोलादी ३०.

आगेकूच यांचे उत्तर

मंदगती यांनी लिहिलेले सर्व खरे आहे, पण मी तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो: पुन्हा सुरू करू नका. पुढे जा.

ही मालिका २० एप्रिल १९९० रोजी निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलवर सुरू झाली, आणि मेलेले माणूस परत येत नाही हा नियम तिच्यात पहिल्या गेमपासून आहे. म्हणजे गेमची सगळी रचना माणसे जातील हे धरूनच केलेली असते. तुमच्या गेममध्ये चाळीसच्या आसपास माणसे फौजेत येऊ शकतात; एका प्रकरणात मैदानावर उतरवता येतात त्यांतली थोडीच. धनुर्धर गेली तर पुढे दुसरा धनुर्धर येतो, घोडेस्वार गेला तर दुसरे घोडेस्वार येतात. बांधणाऱ्यांनी ही जागा मुद्दाम सोडलेली आहे आणि प्रत्येक वेळी मागे फिरणारा खेळाडू तिथपर्यंत कधी पोहोचतच नाही.

माझ्या पहिल्या खेळात सेरा ही जखमा भरून काढणारी मुलगी फौजेत आल्यानंतरच्या पुढच्याच प्रकरणात गेली. चूक माझी होती. भालाईत जिथवर पोहोचू शकत होता तिथे मी तिला उभे केले होते. मी तसाच पुढे गेलो. घोड्यावरची प्रिसिला येईपर्यंत माझी सगळी फौज औषधाच्या कुप्यांवर जगली. एक कुपी तीन वेळा वापरता येते आणि दर वेळी १० एचपी, म्हणजे जीवनगुण, भरून येतात. कुपी वापरली की त्या माणसाची ती पाळी संपते, म्हणून औषध घेणाऱ्याच्या पुढे कोणाला तरी उभे करावे लागे. जखमी माणूस मागे, ताजा माणूस पुढे, मग पुन्हा अदलाबदल, अशी एक लय त्या काळात माझ्या हाताला लागली. सेरा जिवंत असती तर ती मी कधीच शिकलो नसतो. आजही तो गेम आठवला की मला कथेचा शेवट आठवत नाही. चार जखमी माणसांनी अडवून धरलेला तो अरुंद पूल आठवतो.

तुमच्या फौजेत कोण उरले आणि कोण गेले ही यादी जगात दुसऱ्या कोणाचीच नसते. प्रकरण पुन्हा पुन्हा सुरू करून सगळ्यांना वाचवणाऱ्या प्रत्येक खेळाडूची यादी मात्र सारखीच असते. मला पहिली यादी अधिक प्रिय आहे.

दुसरीबाजू यांचे उत्तर

आगेकूच यांच्या मताचा मला आदर आहे, परंतु मी त्याच्याशी सहमत नाही आणि त्याचे कारण रेबेकाच आहे.

कथेतले पुढचे गुपित न सांगता एवढेच लिहिते की काही प्रकरणांनंतर विल हा धनुर्धर पुन्हा भेटतो. लिनच्या कथेत तो तुमच्या फौजेत होताच. रेबेका आणि विल एकाच गावचे आणि बालपणीचे सोबती आहेत. दोघांना शेजारच्या घरांत उभे करून पाळ्या संपवत गेले की त्यांच्यात क, ब आणि अ अशा तीन पायऱ्यांनी संभाषणे उघडतात, आणि विल गाव सोडून गेल्यानंतर तिच्यावर काय बेतले हे त्या संभाषणांतूनच कळते. मुख्य कथेत ते कुठेही येत नाही. रेबेका तेव्हा जिवंत नसेल, तर गेम तुम्हाला काय हुकले हेसुद्धा सांगत नाही. एका पात्राला पूर्ण खेळात अशी पाचच संभाषणे मिळतात, म्हणजे कोणाला कोणाशेजारी उभे करायचे हाही एक निर्णयच असतो. ज्याला पात्रे मनापासून आवडतात त्याने त्यांना वाचवण्यासाठी प्रकरण पुन्हा खेळले, तर त्यात काहीही गैर नाही. पुस्तकाचे एखादे पान आपण दोनदा वाचतोच.

आणि कायमचा मृत्यू हीच या प्रकारच्या खेळांची एकमेव खरी रीत आहे, असे तर मुळीच नाही. त्याच वर्षी, २००३ मध्ये, त्याच कन्सोलवर आलेला ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स ॲडव्हान्स’ पाहा. तिथे पडलेली माणसे लढाई संपल्यावर उठून उभी राहतात; न्यायाधीश आणि कायदे नसलेल्या ‘जॅग्ड’ नावाच्या प्रदेशांतच पडलेले माणूस कायमचे जाते. त्यामुळे त्या प्रदेशात शिरताना हात आपोआप थबकतो. २०१० मध्ये जपानमध्ये पीएसपीवर पुन्हा घडवलेल्या ‘टॅक्टिक्स ओगर’मध्ये चाली मागे घेता येतात, त्याही ५० पर्यंत, आणि तरीही तो गेम विचार करायला लावतो. खुद्द फायर एम्बलेमने २०१० च्या डीएसवरच्या गेममध्ये पडलेली माणसे पुढच्या प्रकरणात परत येतील असा सौम्य पर्याय दिला, आणि २०१२ मध्ये थ्रीडीएसवर आलेल्या ‘अवेकनिंग’मुळे तो पर्याय जगभरच्या खेळाडूंपर्यंत पोहोचला. बनवणाऱ्यांनीच ही सूट दिलेली असताना आपण ती स्वतःला नाकारण्याचे कारण नाही.

एक पथ्य मात्र मी पाळते आणि तुम्हालाही सुचवते. कोणत्या कारणासाठी प्रकरण पुन्हा सुरू करायचे हे प्रकरणाच्या आधीच ठरवावे. माझ्या पहिल्या खेळात मी पाच नावे निवडली होती. त्यांच्यापैकी कोणी गेले तरच मागे फिरायचे, बाकीच्यांचे जे होईल ते मान्य करायचे. तुम्ही पहिल्या वेळी रेबेकासाठी फिरलात, दुसऱ्या वेळी लोवेनसाठी आणि तिसऱ्या वेळी डॉर्कससाठी. दर वेळी अट वाढत गेली, आणि मला वाटते थकवा त्याचाच आहे.

पहिलीचाल

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मंदगती यांचा निम्म्या शक्यतेचा हिशेब वाचून मी अक्षरशः कागद घेऊन बसलो आणि तो बरोबर निघाला. एक शंका आहे. कन्सोल बंद करून पुन्हा सुरू केल्यावर अर्धवट सोडलेली लढाई पुढे चालू करण्याचा पर्याय दिसतो. वार बसण्याच्या क्षणी कन्सोल बंद केला आणि मग लढाई पुढे चालू केली, तर निकाल बदलतो का? आणि इतक्या लहान स्क्रीनवर पूर्ण रणभूमी नजरेसमोर राहत नाही, याचे तुम्ही काय करता?

लहानपडदा यांचे उत्तर

निकाल बदलत नाही. गेम तुमच्या चालींनंतर आपोआप नोंद ठेवत जातो, आणि पुढच्या यादृच्छिक संख्या कोणत्या क्रमाने येणार तेही त्या नोंदीत असते. तुम्ही तेच केलेत तर तेच घडते. म्हणून मरण टाळायचे असेल तर प्रकरणच मुळापासून सुरू करावे लागते. याचा चांगला उपयोग मात्र फार मोठा आहे: कोणत्याही क्षणी कन्सोल बंद करता येतो आणि पुन्हा हातात घेतला की पट होता तसाच समोर असतो. मी तर अवघड पाळी आली की मुद्दाम बंद करतो आणि दुसऱ्या कामात असताना पट मनात फिरवतो. निन्टेन्डोने जून २०२३ मध्ये हाच गेम स्विचच्या ऑनलाइन सभासदांसाठी त्यांच्या विस्तारित योजनेत आणला, तिथे वेळ मागे फिरवण्याची सोय आहे. मी दोन्ही खेळलो आहे. मागे फिरवता येते हे माहीत असले की मी शत्रूचे पल्ले तपासायचे सोडून देतो, म्हणून दुसऱ्या खेळात ती सोय मी वापरली नाही.

लहान स्क्रीनबद्दल सांगतो. गेम बॉय ॲडव्हान्सचा पडदा २४० बाय १६० बिंदूंचा आहे आणि या गेममधले एक घर १६ बाय १६ बिंदूंचे, म्हणजे एका वेळी तुम्हाला आडवी १५ आणि उभी १० घरे दिसतात. बरेचसे नकाशे याहून मोठे असतात. म्हणून प्रकरण सुरू होताच पहिल्या पाळीत काहीही न हलवता कर्सर चारही कडांपर्यंत फिरवावा. गावे कुठे आहेत आणि त्यांच्याकडे निघालेले लुटारू कुठे आहेत, ते पाहावे. लुटारू आधी पोहोचला तर गाव उद्ध्वस्त होते आणि तिथली भेटवस्तू किंवा माहिती हातची जाते. किल्ल्यांची रिकामी घरेही ध्यानात ठेवावीत, कारण शत्रूची कुमक बरेचदा तिथूनच निघते. आपले माणूस त्या घरावर उभे असेल तर तिथून कोणी बाहेर पडू शकत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न, आनंद कुठे घेता, हा अजून कोणी नीट हाताळलेला नाही. माझा आनंद लेव्हल वाढण्याच्या त्या एका पडद्यात आहे. अनुभवाचे १०० गुण भरले की माणसाचे चित्र येते, शेजारी गुणांची यादी येते आणि जो गुण वाढला त्याच्यापुढे एकेक खूण उमटते, दर खुणेला एक छोटासा स्वर वाजतो. कोणता गुण वाढेल हे ठरलेले नसते. प्रत्येक पात्राची प्रत्येक गुणासाठी वेगळी शक्यता असते. कधी एकच स्वर वाजतो आणि पडदा जातो. कधी शक्ती, कौशल्य, वेग, नशीब, संरक्षण असे एकामागून एक पाच स्वर वाजतात, आणि आपण श्वास रोखून सहावा वाजतो का ते ऐकत राहतो. एका खेळात माझा लोवेन इतका वेगवान निघाला की त्याच्या भरवशावर मी सगळी डावी बाजू सोडून दिली. पुढच्या खेळात तोच लोवेन मंद पण अभेद्य निघाला आणि त्याला पुलाच्या तोंडाशी उभे करावे लागले. तेच पात्र, तीच कथा, पण माणूस वेगळा. म्हणून माझी विनंती अशी की मार्कसकडून सगळे शत्रू मारून घेऊ नयेत. तो वरच्या दर्जाचा सरदार असल्याने त्याला लढतीतून फार थोडा अनुभव मिळतो. त्याच्या हाती साधी लोखंडी तलवार द्यावी, त्याने शत्रूला अर्धमेला करावा आणि शेवटचा वार रेबेका किंवा डॉर्कसला द्यावा.

पहिलीचाल

दोन आठवड्यांनी परत लिहीत आहे, कारण काय झाले ते सांगणे मला आवश्यक वाटते.

दुसरीबाजू यांच्याप्रमाणे मी नावे ठरवली, पण पाचांऐवजी दोनच: रेबेका आणि चोर मॅथ्यू. ते प्रकरण चौथ्यांदा सुरू केले. पहिली पाळी फक्त पाहण्यात घालवली. मार्कसला एका जंगलाच्या घरात, पल्ल्याच्या रेघेच्या बरोबर एक घर आत ठेवले, आणि पुढच्या पाळीला खरोखरच दोनच कुऱ्हाडवाले त्याच्याजवळ आले. मला इतका आनंद झाला की पुढची चाल करण्याआधी मी थोडा वेळ नुसताच पटाकडे पाहत राहिलो. रेबेकेने मार्कसच्या पाठीमागून दोन्ही वेळा शेवटचा बाण सोडला आणि तिची लेव्हल वाढली. चार स्वर वाजले, त्यांत वेगही होता. डॉर्कस मात्र याही वेळी वाचला नाही. मी एका गावाकडे धावणाऱ्या लुटारूच्या मागे त्याला एकट्याला पाठवले होते. गाव वाचले, डॉर्कस गेला. मी कन्सोल बंद केला नाही.

त्याच्या पत्नीसाठी पैसे मिळवायला तो या सगळ्यात पडला होता, हे लिनच्या कथेत वाचलेले मला आठवत होते, त्यामुळे त्या संध्याकाळी पुढे खेळवले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केले. त्यानंतर शत्रूच्या बाजूने आलेल्या एका तरुण तलवारबाजाशी मॅथ्यूला बोलू दिले आणि तो आमच्याकडे आला. त्यासाठी दोन पाळ्या त्याला कोणीही मारू नये म्हणून सगळ्या फौजेला त्याच्यापासून लांब धरावे लागले, आणि माणसाला न मारण्याचीही चाल असते हे मला तेव्हा उमगले. आता विल फौजेत आला आहे. रेबेकेच्या शेजारी त्याला उभे करतो आहे. पहिले संभाषण कालच उघडले.

आता पुढचा प्रश्न. दहाव्या लेव्हलनंतर विशिष्ट वस्तू वापरून माणसाचा दर्जा वाढवता येतो असे दिसते. लोवेन दहाव्या लेव्हलला पोहोचत आला आहे. लगेच वाढवावा की विसाव्या लेव्हलपर्यंत थांबावे?

मंदगती यांचे उत्तर

डॉर्कसचे वाचून वाईट वाटले. पण गावासाठी पाठवला होता, हा निर्णय मी चूक म्हणणार नाही. फक्त त्याच्याबरोबर आणखी एक जण हवा होता.

दर्जा वाढवण्याबद्दल असे की, विसावी लेव्हल ही दोन्ही दर्जांची कमाल मर्यादा आहे आणि दर्जा वाढवल्यावर मोजणी पुन्हा पहिल्या लेव्हलपासून सुरू होते. म्हणून थांबलात तर गुण वाढण्याच्या अधिक संधी मिळतात. परंतु विसापर्यंत वाट पाहणे मला प्रत्यक्षात परवडलेले नाही, कारण तोवरची कितीतरी प्रकरणे ते माणूस कच्चेच लढते. माझा रिवाज असा आहे की जो माणूस पुढे उभा राहून मार खातो त्याचा दर्जा तेरा-चौदाच्या सुमारास वाढवायचा, आणि जो मागून मारतो त्याला थोडे थांबवायचे. लोवेनसाठी ‘नाइट क्रेस्ट’ हे बोधचिन्ह लागते आणि तेच केंट, सेन या घोडेस्वारांनाही लागते, तेव्हा ते हाती आले की तिघांत कोण अधिक उपयोगी पडतो आहे ते आधी पाहा.

सेराला मात्र शक्य तितक्या लवकर वाढवा. तिला जखमा भरल्याचाही अनुभव मिळतो, त्यामुळे ती दहापर्यंत सहज पोहोचते, आणि वरच्या दर्जात गेल्यावर तिला प्रकाशाची जादू वापरता येते. तोवर जिला सतत झाकून ठेवावे लागत होते, ती त्या दिवसापासून स्वतः उलट वार करू लागते.